मुलांना इंटरनेटवर शोधायला आणि संकेतस्थळे पारखायला कसे शिकवावे?

प्रश्न थोडक्यात असा: मराठी माध्यमाची शाळा, आठवी-नववीचे वर्ग, ४५ मुले, १२ संगणक, ३५ मिनिटांची तासिका. प्रकल्प दिला की मुले गूगलवर पहिले जे दिसेल ते उघडतात आणि वहीत उतरवतात. ‘लेखक कोण, तारीख कोणती, पत्ता कशाने संपतो, शुद्धलेखन बरे आहे का’ अशी दहा मुद्द्यांची तपासणीयादी दिली, ती मुलांनी प्रामाणिकपणे भरली, तरी निवड काही सुधारली नाही. आता पुढे काय करावे?

अडचण मुलांमध्ये कमी आणि यादीत जास्त आहे. यादीतले बहुतेक मुद्दे संकेतस्थळाने स्वतःबद्दल सांगितलेल्या गोष्टींवर उभे असतात. ‘आमच्याविषयी’ हे पान मालकच लिहितो. लेखकाच्या नावापुढे डॉक्टर तोच लावतो. तारीख आपोआप आजची दिसेल अशी सोय करता येते. डॉट ओआरजी हा शेपटा कोणालाही पैसे भरून मिळतो, त्यासाठी संस्था सेवाभावी असावी लागत नाही. काही ब्राउझरांत पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलुपाचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि त्या संकेतस्थळाच्या मधली देवाणघेवाण तिसऱ्याला वाचता येत नाही. पलीकडचा माणूस खरे बोलतो की नाही, याच्याशी कुलुपाचा काही संबंध नाही. म्हणजे यादी भरताना मूल उमेदवारालाच त्याचा दाखला मागते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले सॅम वाइनबर्ग आणि सेरा मॅग्रू यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास मांडला. पीएचडी झालेले १० इतिहासकार, बातम्यांची सत्यता तपासणे हाच पेशा असलेले १० जण आणि स्टॅनफर्डचेच २५ विद्यार्थी यांना तीच संकेतस्थळे पारखायला दिली. त्यात अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या दोन संस्थांची पाने होती. एक १९३० पासूनची मोठी व्यावसायिक संघटना, दुसरी २००२ मध्ये मतभेदातून वेगळा झालेला छोटा गट. नावे जवळजवळ सारखी, दोन्ही पाने देखणी, दोन्हीकडे संदर्भ दिलेले. विद्यार्थी पानावरच वरपासून खालपर्यंत वाचत राहिले आणि त्यातले बरेच जण फसले. इतिहासकारही काही कमी गोंधळले नाहीत. सत्यता-तपासनीस मात्र पान उघडल्यावर थोड्याच वेळात ते सोडून बाहेर पडले, शेजारी नवे टॅब उघडले आणि ‘या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात’ हे पाहून मगच पानाकडे परतले. याला आपण आडवे वाचन म्हणू. पाठ्यपुस्तक उभे वाचतात. अनोळखी संकेतस्थळ आधी आडवे वाचायचे. तुमच्या दहा मुद्द्यांच्या जागी एवढी एकच सवय लावा. सहा तासिकांमध्ये ती लागते.

पण त्याआधी प्रकल्पाचा विषय बदला. ‘लोणार सरोवराची माहिती लिहा’ असे सांगितले तर पहिले पान उतरवणे हेच बरोबर उत्तर आहे, मुलांचा त्यात दोष नाही. ‘लोणारचे विवर किती जुने आहे, आणि वेगवेगळी संकेतस्थळे वेगवेगळे आकडे का देतात?’ असे विचारले, तर उतरवण्याजोगे तयार पान सहसा सापडत नाही आणि शोधणे भाग पडते. विषय देऊ नका, प्रश्न द्या. तो दोन-तीन पाने एकमेकांसमोर ठेवल्याशिवाय सुटणार नाही असा बेतून घ्या.

पहिली तासिका संगणक बंद ठेवून, फळ्यावर. मुले शोधचौकटीत अख्खे वाक्य टाकतात: ‘लोणार सरोवर किती वर्षांपूर्वी तयार झाले ते सांगा’. त्यातले ‘ते सांगा’ काही कामाचे नाही. मुलांना विचारा, की ज्या पानावर याचे उत्तर असेल त्या पानाच्या लेखकाने कोणते शब्द वापरले असतील? विवर, उल्का, बेसाल्ट, वय, कालमापन. हे शब्द त्यांना सुरुवातीला माहीत नसतात, आणि तसेच असणार. पहिला शोध उत्तरासाठी नसून दुसऱ्या शोधाचे शब्द मिळवण्यासाठी असतो, हे त्यांना एकदा समजले की निम्मे काम झाले.

मराठीतून शोधताना काही खास अडथळे येतात. इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकांत ते नसतात, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

लिपी एकच असल्यामुळे हिंदी पाने मध्ये घुसतात. ‘शिक्षा’ शोधले की हिंदीतले शिक्षण समोर येते, दंड नाही. ‘संशोधन’ टाकले की हिंदीतल्या कायदेदुरुस्त्या येतात. उपाय साधा आहे: सोबत अस्सल मराठी शब्द जोडायचा. ‘आहे’, ‘माहिती’, ‘म्हणजे काय’, किंवा ज्यात ळ आहे असा कोणताही शब्द. दुसरे, विभक्ती. ‘विहीर’ आणि ‘विहिरीचे’, ‘पाऊस’ आणि ‘पावसाचे’ हे एकाच शब्दाचे अवतार आहेत, हे यंत्राला दरवेळी उमगतेच असे नाही. मूळ रूपाने शोधा, निकाल थोडे आले तर सामान्यरूपाने पुन्हा शोधा. ऱ्हस्व-दीर्घाचेही तसेच. लोक चुकीचे लिहितात, त्यामुळे कधीकधी चुकीचे लिहूनही शोधावे लागते. (मराठीच्या शिक्षकांची आधी समजूत काढून ठेवा.) तिसरा अडथळा दिसत नाही, म्हणून जास्त त्रास देतो. जुने मराठी दस्तऐवज श्रीलिपी, कृतिदेव अशा युनिकोडपूर्व टंकांत (युनिकोड म्हणजे आज सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची पद्धत) केलेले असतात किंवा नुसते स्कॅन केलेले असतात. डोळ्याला मराठी दिसते, पण आत भलतीच अक्षरे असतात किंवा फक्त चित्र असते. असा दस्तऐवज देवनागरी शब्दाने सापडेलच असे नाही. म्हणून ‘गूगलवर नाही म्हणजे नाहीच’ हा निष्कर्ष मराठी विषयांत फार लवकर काढला जातो. तोच शोध इंग्रजीतून आणि रोमन लिपीतल्या मराठीतूनही करायला लावा. तिन्हींचे निकाल वेगळे येतात, आणि ते शेजारी शेजारी ठेवून पाहणे हाच एक चांगला धडा आहे.

शोधाच्या युक्त्या तीनच शिकवा. जास्त शिकवल्या तर एकही राहत नाही. अवतरणचिन्हांत टाकलेले शब्द जसेच्या तसे शोधले जातात. त्यामुळे मराठीत अवतरणचिन्हे जपून वापरायची, कारण ‘लोणारचे’ असे बांधून टाकले की ‘लोणारच्या’ सुटते. नको असलेल्या शब्दाआधी वजाचे चिन्ह लावायचे, ते शब्दाला चिकटलेले आणि त्याच्या आधी मोकळी जागा. तिसरी युक्ती म्हणजे रोमन लिपीत ‘साइट’ हा शब्द, त्याला चिकटून अपूर्णविराम (:) आणि पुढे संकेतस्थळाचा पत्ता. मग फक्त त्या ठिकाणचे निकाल येतात. अपूर्णविरामानंतर मोकळी जागा सोडली की ही युक्ती चालत नाही, आणि निम्मी मुले ती सोडतात. कळफलक मराठीवर असताना हे टंकता येत नाही, त्यामुळे भाषा बदलण्याची कळ आधी दाखवून ठेवा.

दुसऱ्या तासिकेत निकालांचे पान वाचायचे, उघडायचे काहीच नाही. निकाल आल्यावर ३० सेकंद माउसवरून हात बाजूला. नेट मंद असेल तर आदल्या दिवशी त्या पानाचे चित्र साठवून ठेवा आणि प्रक्षेपकावर दाखवा. मुद्रित प्रतही चालते. मुलांनी ओळखायचे, की ‘प्रायोजित’ असे बारीक लिहिलेले कोणते, विक्रीचे दुकान कोणते, बातमी कोणती, सरकारी कोणते, अभ्यासाचे कोणते. प्रत्येक निकालाशेजारी तीन ठिपके असतात. ते दाबले की त्या स्थळाबद्दल थोडी माहिती बऱ्याचदा मिळते. वरून पहिला म्हणजे सर्वांत खरा, ही समजूत याच तासाला मोडायची. क्रम लावणारे यंत्र शब्दांचा मेळ, दुवे, लोकप्रियता, वाचणाऱ्याचे ठिकाण असे बरेच काही बघते. मजकूर खरा आहे का, हे ते माणसासारखे तपासत नाही.

आता निकालांच्याही वर कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला सारांश येतो आणि मुले तिथेच थांबतात. त्यावर बंदी घालून उपयोग नाही, घरी मोबाइल आहेच. नियम असा ठेवा: सारांशातले एक वाक्य निवडायचे, त्यापुढचा दुवा उघडायचा आणि ते वाक्य तिथे खरोखर आहे का ते शोधायचे. कधी असते, कधी अर्धेच असते, कधी दुव्यावर भलताच विषय असतो. तोच प्रश्न शब्द बदलून पुन्हा विचारला तर उत्तर बदलते का, हेही बघू द्या. सारांशाचा उपयोग पुढचे शब्द आणि पुढचे दुवे मिळवण्यापुरता. वहीत ‘स्रोत’ म्हणून त्याचे नाव चालणार नाही.

तिसऱ्या आणि चौथ्या तासिकेत लोणार. बुलढाणा जिल्ह्यातले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेले आहे. उदाहरण म्हणून ते सोन्यासारखे आहे, कारण इथे खोटारडा असा कोणीच नाही आणि तरी आकडे जुळत नाहीत. मुलांना साधारण असे सापडते: कुठे ५० हजार वर्षे, कुठे ५२ हजार, कुठे ५ लाख ७० हजार, आणि एखाद्या ठिकाणी थेट साडेसहा कोटी. लवणासुर या राक्षसाची दंतकथा तर सगळीकडेच.

इथे घाई करू नका. आधी ५० हजारवाल्या पानातले एक अख्खे वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधायला लावा. बऱ्याचदा तेच वाक्य, त्याच चुकीसकट, पाच-सात पर्यटनस्थळांवर मिळते. मुले म्हणतात, ‘सात ठिकाणी आहे म्हणजे खरे’. तिथे त्यांना थांबवा: सात जणांनी एकाचेच उतरवले असेल तर साक्षीदार किती? मग प्रत्येक आकडा मागे मागे न्यायचा. हा आकडा कोणी मोजला, कशाने मोजला? ५२ हजार हा आकडा तापदीप्ती पद्धतीच्या (खनिज तापवल्यावर किती प्रकाश देते त्यावरून वय काढण्याच्या) कालमापनातून आला. ५ लाख ७० हजार हा खडकातल्या आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) काढलेला, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला. तो शोधायला इंग्रजीत ‘लोणार’, ‘क्रेटर’, ‘एज’, ‘आर्गॉन’ असे चार शब्द पुरतात. मराठीतून तो हाताला लागणे अवघड. साडेसहा कोटी हे विवराचे वयच नाही, ज्या बेसाल्टमध्ये ते पडले त्या दख्खनच्या खडकाचे ते साधारण वय आहे. पान लिहिणाऱ्याने दोन वेगळ्या गोष्टी एक केल्या. ही चूक कोणत्याही तपासणीयादीने पकडली नसती, कारण ते पान नीटनेटके आणि शुद्ध मराठीत असू शकते.

उत्तर काय लिहायचे, असे मुले विचारणारच. ‘वेगवेगळ्या पद्धतींनी वेगवेगळी वये निघाली आहेत, आर्गॉन पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे, आधीच्या तापदीप्ती मापनाने सुमारे ५२ हजार’ हे पूर्ण उत्तर आहे. त्याला पूर्ण गुण द्या. एकच आकडा ठामपणे लिहिणाऱ्याला कमी. पहिल्यांदा वर्गात कुरकुर होईल.

लोणारवरच दुसरा प्रश्न देता येतो: जून २०२० मध्ये पाणी गुलाबी का झाले? त्या आठवड्यातल्या बातम्यांत तर्क आहेत. नंतरच्या बातम्यांत पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा निष्कर्ष आहे, की खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे रंग आला. शोधाच्या साधनांत तारखेची मर्यादा लावून आधी जूनचे आणि मग ऑगस्टपर्यंतचे निकाल काढायला लावा. घटना ताजी असताना लिहिलेले पान प्रामाणिक असूनही अपुरे असते, हे मुलांना असे दिसते. नुसते सांगून पटत नाही.

पत्ता वाचायला एक अर्धी तासिका पुरते. पत्त्यातली पहिली एकेरी तिरकी रेघ शोधायची आणि तिथून उजवीकडून डावीकडे वाचत जायचे. महाडीबीटी या शिष्यवृत्त्या आणि योजनांच्या सरकारी संकेतस्थळाचा पत्ता घ्या: इन, गव्ह, महाराष्ट्र, महाडीबीटी. शेवट ‘गव्ह डॉट इन’ आहे, म्हणजे ते सरकारचे; तो शेपटा खासगी माणसाला मिळत नाही. ‘एसी डॉट इन’ शैक्षणिक संस्थांसाठी राखलेला आहे. नुसते ‘डॉट इन’ मात्र कोणीही घेऊ शकतो. ‘गव्ह’, ‘महा’, ‘योजना’ हे शब्द पत्त्यात आधी कुठेतरी कोंबलेले असतील तर त्यांना काही किंमत नाही. शिष्यवृत्ती आणि योजनांची माहिती देणारी बरीच खासगी स्थळे जाहिरातींवर चालतात. त्यातली काही नीट लिहितात, पण मुदत संपलेली योजनाही तशीच ठेवतात. पालकांना याचा थेट फटका बसतो, म्हणून हा भाग गाळू नका.

व्हॉट्सॲपवर फिरणारे ‘शासन निर्णय’ तपासणे मुलांना फार आवडते. खऱ्या निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदात, तो शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचे लिहून त्याचा लांबलचक संकेतांक दिलेला असतो. संकेतांकाचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. ते निर्णयाच्या तारखेशी ताडायचे, मग शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर तो संकेतांक टाकून मूळ प्रत काढायची. मूळ प्रत खरी निघाली तरी सोबत आलेला मजकूर तिच्याशी जुळतो का, ते वेगळे बघावे लागते. निर्णय खरा आणि त्याचा अर्थ लावणारा संदेश खोटा, असे फार वेळा होते.

मराठी विकिपीडिया आणि मराठी विश्वकोश यांबद्दल दोन टोकांची मते असतात. विकिपीडियाला हात लावू नका, हे सांगणे चुकीचे. लेखाच्या तळाच्या संदर्भांसाठी आणि वरच्या ‘इतिहास’ व ‘चर्चा’ या कप्प्यांसाठी तो वापरायचा. मराठीत काही लेख भक्कम आहेत, काही तीन ओळींचे आणि संदर्भाविना. विश्वकोश तज्ज्ञांनी लिहून संपादित केलेला आहे, पण त्याचा पहिला खंड १९७६ चा. संकल्पना, व्याख्या, इतिहास यांसाठी तो उत्तम. लोकसंख्या, उत्पादन, राजकीय नकाशा यांचे आकडे त्या त्या खंडाच्या काळातले असतात. विश्वासार्ह आणि अद्ययावत या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मराठीत नाही.

छायाचित्र आधी कुठे आले होते ते शोधायला गूगल लेन्स किंवा टिनआय. टिनआयवर ‘सर्वांत जुने आधी’ असा क्रम लावता येतो. दर पावसाळ्यात पुराची जुनी चित्रे नव्या गावांच्या नावाने फिरतात, त्यांच्यावर सराव भरपूर होतो. गायब झालेले किंवा बदललेले पान बघायचे असेल तर इंटरनेट अर्काइव्हचे वेबॅक मशीन आहे. तिथे १९९६ पासूनची पाने साठवलेली सापडतात.

आता जिथे हमखास बिघडते त्याबद्दल. सर्वांत मोठा धोका असा, की दोन-तीन तासिकांनी मुले सगळ्यालाच ‘फेक’ म्हणू लागतात. तो संशयीपणा झाला, पारख नव्हे. आणि आळशी मुलाला तो सोयीचा असतो. म्हणून सरावाला सहा पाने दिली तर त्यांतली किमान तीन खरी आणि चांगली ठेवा. ‘हे विश्वासार्ह आहे, कारण…’ हे वाक्य पूर्ण करणे जास्त अवघड आहे, तेच जास्त वेळा लिहायला लावा.

झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसचे १९९८ पासूनचे गमतीदार संकेतस्थळ अनेक प्रशिक्षणांत दाखवतात. एकदा हसायला ठीक आहे. पण त्यातून मुले शिकतात की खोटे हास्यास्पद दिसते, आणि प्रत्यक्षात ते तसे दिसत नाही. त्यापेक्षा ‘युनेस्कोने जन गण मन जगातले सर्वोत्कृष्ट राष्ट्रगीत ठरवले’ हा जुना निरोप घ्या. तो खोटा आहे, २००८ च्या सुमारापासून फिरतो आहे, आणि खरा असावा असे सर्वांनाच वाटते. हवीहवीशी गोष्ट तपासायला हात धजत नाही, हे त्यातून बोलता येते. जात, धर्म, पक्ष यांवरच्या संदेशांनी मात्र सुरुवात करू नका. वर्गात पद्धत बाजूला राहते आणि बाजू उरतात. सवय लागल्यावर, शेवटच्या तासिकेत, जमले तर.

४५ मुले आणि १२ संगणक म्हणजे तीन संगणकांवर तिघे आणि उरलेल्या नऊवर चौघे. कामे वाटून द्या: एक कळफलकावर, एक वहीत, एक ‘आता टॅब बदल’ म्हणणारा, आणि चौथा असेल तर घड्याळ बघणारा. दर आठ मिनिटांनी जागा बदलायच्या, नाहीतर घरी संगणक असलेलाच मुलगा शेवटपर्यंत कळफलक सोडत नाही.

वहीत चार रकाने आखा: कोणते शब्द टाकले, कोणते पान उघडले, त्या पानाबद्दल बाहेर काय सापडले, आणि घेतले की सोडले. तिसरा रकाना त्याच पानावरच्या माहितीने भरलेला चालणार नाही, हे पहिल्या दिवशी सांगा आणि तपासताना कडक राहा. प्रकल्पाच्या २० गुणांपैकी १० या नोंदीला ठेवा. सोडलेल्या पानांची नोंदही गुणपात्र धरा, म्हणजे मुले ती लपवणार नाहीत. नोंद हाताने लिहिलेली हवी, आणि शब्द जसे टंकले तसेच, चुकांसकट.

परिणाम मोजायचा असेल तर पहिल्या तासिकेच्या आधी आणि शेवटच्या तासिकेनंतर, वेगळा वेळ काढून, प्रत्येक मुलाला एक अनोळखी संकेतस्थळ देऊन दहा मिनिटे मोकळे सोडा. यासाठी वर्ग चार गटांत आळीपाळीने बोलवावा लागेल. मुलाचे उत्तर बरोबर आले का, यापेक्षा दुसरा टॅब उघडायला त्याला किती वेळ लागला ते टिपा. पहिल्या दिवशी बरीच मुले तो उघडतच नाहीत. शेवटच्या दिवशी पहिल्या मिनिटात तो उघडला जात असेल, तर पुढच्या प्रकल्पाला तुम्ही नुसता प्रश्न फळ्यावर लिहिलात तरी चालेल.